काळ्या बॉनेटवरचा पाऊस

पाऊस यायला लागला की आमची सगळी गल्ली घरात पळायची आणि माझी घरमालकीण बाहेर यायची. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खांद्यावर नवऱ्याच्या जुन्या धोतराचे धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले तुकडे. अंगणात त्यांची काळी गाडी उभी असे. धो धो पाऊस असला तर त्या पायरीवर बसून वाट बघत. "जोराचा पाऊस आपलें आपण धुवून जातो," त्या म्हणत. "हा बारीक, चोरटा पाऊसच वाईट. चार थेंब टाकतो आणि निघून जातो. मग ऊन येतें आणि थेंब रंगांत शिजतो." तसा पाऊस आला की त्या थेंब वाळायच्या आत गाडीवर स्वच्छ पाणी ओतून ती टिपून घेत. सगळी गल्ली त्यांना 'कार मामी' म्हणायची. काही जण तोंडावर, बरेच जण पाठीमागे.

मी बँकेत होते. कोल्हापूरहून बदली होऊन आले तेव्हा चेन्नई अजून मद्रास होती. शाखा शहराच्या उत्तर टोकाला, बंदर आणि कारखान्यांच्या बाजूला. एकट्या मुलीला खोली मिळेना. कुणीतरी सांगितलं, एक तंजावरी मराठी बाई आहेत, बघा बोलून. मी गेले तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि मामी गाडीपाशी होत्या. माझं नावगाव काही न विचारता त्यांनी एक फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तें मागचें दार तूं पूस."

मी पुसलं. त्यांनी लक्ष देऊन बघितलं.

"गोल गोल काय म्हणून फिरवतेस? रंगाला चरे पडतात. सरळ पूस. वरून खालीं."

मी सरळ पुसलं. दार संपल्यावर त्या म्हणाल्या, "सरि. खोली तुझी." सरि म्हणजे बरं. माझी मुलाखत एवढीच.

त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू यायचं. शब्द बखरीतले आणि हेल तमिळ. 'मला' नाही, 'मजला'. 'कुठे' नाही, 'कोठें'. त्यांना माझी मराठी हसण्यासारखी वाटायची. "तूं बोलतेस तें मजला कळतें मा, पण तूं फार घाईनें बोलतेस. कोणी पाठी लागलें आहे काय?" मा म्हणजे अगं.

त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याला हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा, चाळिशी उलटल्यावर, त्या गाडी चालवायला शिकल्या. त्याला दवाखान्यात न्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. नवरा गेला, गाडी राहिली. नातेवाइकांना वाटलं आता विकतील. मामी त्या आठवड्यात गाडी घेऊन एकट्या तंजावरला जाऊन आल्या. मग कोणी विषय काढला नाही. गल्लीत कुणाच्या पोटात दुखू दे, कुणाचं बाळंतपण येऊ दे, काळी गाडी दारात हजर. मात्र गाडीला कोणी टेकलेलं चालायचं नाही. बांगड्या घातलेल्या बायकांना त्या आधी हात मागे घ्यायला लावत आणि मगच दार उघडत. कळा सुरू झालेल्या एका बाईलाही त्यांनी तसंच केलं होतं. तिच्या नवऱ्याने ते मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. खरं काय चाललंय ते कळायला एक पावसाळा जावा लागला. मद्रासचा खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि तेव्हा वारा ईशान्येकडून असतो. आमच्या गल्लीच्या ईशान्येला एक रसायनांचा कारखाना होता. आणि मामींचा एकुलता एक मुलगा त्याच कारखान्यात इंजिनिअर होता.

तो राहायचा अण्णा नगरला, बायको आणि मुलीसह. स्वभावाने शांत, आईला जपणारा. दर रविवारी यायचा. मामी त्याला आधी जेवायला वाढत आणि मग अंगणात नेऊन गाडीवरचे डाग दाखवत. काळ्या रंगावर पांढुरकी वर्तुळं, जशी काही कोणी ओल्या पेल्यांचे तळ टेकवून ठेवलेत.

"अम्मा, हें तुझ्या बोअरच्या पाण्यानें होतें," तो म्हणायचा. "त्यांत क्षार फार. तूं धुतेस, ऊन पडतें, पाणी उडून जातें, क्षार रंगावर राहतात. पावसाचा कांहीं संबंध नाहीं. आणि समुद्र जवळ. खारी हवा."

मामींनी ते उडवून लावलं नाही. त्यांनी व्हिनेगर आणलं, पाण्यात मिसळलं, कापडाने हलकेच डागांवर फिरवलं, लगेच धुतलं. बरीच वर्तुळं निघून गेली. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं, "अर्धें तुझें खरें. तें बोअरचेंच होतें. आतां ह्या अर्ध्याचें सांग." आणि त्याचं बोट धरून बॉनेटवर ठेवलं. उरलेले डाग पुसून जाण्यासारखे नव्हतेच. तिथे रंगच खाल्ला गेला होता. नख फिरवलं तर कडेला अडकायचं.

"जुना रंग आहे, अम्मा," तो म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

त्या दिवसापासून मामींनी गाडीला बोअरचं पाणी बंद केलं. आमच्या भागात पिण्याचं पाणी लॉरीने यायचं. घागरींची रांग, आरडाओरडा, रोजची भांडणं. त्या रांगेत मामींची एक घागर गाडीसाठी असायची. एका बाईने एकदा ती घागर लाथेने लवंडली. "माणसांना प्यायला नाही आणि हिच्या मोटारीला आंघोळ!" मामींनी घागर उचलून परत आणली. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातलं गाडीला घालू लागल्या आणि प्यायला बोअरचं पाणी उकळून, गाळून घेऊ लागल्या. त्याची चव मी घेतलेली आहे. साबण विरघळवल्यासारखं लागायचं.

मी म्हटलं, "मामी, कशासाठी एवढं?"

"तो म्हणाला बोअरचें पाणी. म्हणून बोअरचें पाणी काढून टाकलें. आतां डाग पडला तर तो कशाचा?"

डाग पडले. चोरटा पाऊस आला तेव्हा मामी एका नातेवाइकाच्या मुंजीला गेल्या होत्या आणि गाडी दुपारभर तशीच उन्हात राहिली. संध्याकाळी आल्या, कंदील घेऊन बॉनेटवर वाकल्या, मग मला हाक मारली. नवे डाग, ताजे. नख अडकत होतं. मी गच्चीवर वाळत घातलेली माझी पांढरी सुती साडी काढायला गेले तर तिच्यावर बारीक बारीक भोकं, चाळणीसारखी. आईने घेऊन दिलेली साडी होती. मी ती मामींना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि भोकांवरून बोट फिरवलं.

"आमच्या सगळ्यांचे डोळे ह्या दिवसांत चुरचुरतात," मग म्हणाल्या. "आम्ही म्हणत होतों, वय झालें."

मुलाने मध्यंतरी तोडगा म्हणून माउंट रोडवरून गाडीसाठी जाड कव्हर आणलं होतं. त्यावर मामी तांदळाचे पापड वाळत घालत. मग तो म्हणाला, मी पत्र्याची शेड बांधून देतो. मामी म्हणाल्या, "गाडीला शेड बांधशील. पेरूच्या झाडाला बांधशील? समोरच्या म्हातारीला बांधशील? पत्रा किती दिवस टिकेल तें तूंच सांग, तूं इंजिनिअर."

मग जास्वंदीचं प्रकरण सुरू झालं. त्यांच्या दारात लाल जास्वंद होती. तिच्या पाकळ्या त्या कोऱ्या कागदावर चोळायच्या, कागद जांभळा व्हायचा. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी, सोड्याच्या पाण्याचा टाकला की हिरवट. शाळेत त्यांनी हे पोरींच्या कितीतरी तुकड्यांना करून दाखवलं होतं. आता त्या एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, भांड्यात पाऊस धरायच्या आणि थेंब कागदावर टाकायच्या. आमच्या अंगणातला पाऊस कागद गुलाबी करत होता.

"पण कोठलाही पाऊस करत असेल," त्याच म्हणाल्या. "दुसरा पाऊस पाहिजे."

तो दुसरा पाऊस आणायला मला पाठवलं. मी सुटीच्या दिवशी, भर पावसात, बसमधून डबा घेऊन अण्णा नगरला गेले आणि मामींच्या सुनेला सांगितलं, मला तुमच्या गच्चीवरचा पाऊस हवाय. तिने मला आधी कॉफी दिली. नंतर छत्री घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. दोघी डब्याकडे बघत होतो. ती हळूच म्हणाली, "ह्यांना रात्रीं झोंप लागत नाहीं. ह्यांना ठाऊक आहे, हें कारखान्याच्या धुराचें आहे. पण ह्यांच्या प्रमोशनचें चाललें आहे, आणि कारखान्यांत कोणी तें तोंडावर आणत नाहीं."

अण्णा नगरच्या पावसाने कागद जांभळाच राहिला.

रविवारी मामींनी दोन्ही कागद जेवणाच्या पानाशेजारी ठेवले. मुलाने भात कालवलेला तसाच ठेवला.

"अम्मा, जास्वंदीच्या फुलावर कारखाना बंद होत नाहीं."

"बंद कर कोण म्हणतें? धूर धुवून सोडा. तुम्हांस येतें तें. तूंच मजला सांगितलें होतेंस, कॉलेजांत असतांना. वायू पाण्यांतून काढला तर त्यांतलें आम्ल पाण्यांत राहतें."

"माझ्या हातांत नाहीं."

"बोलणें तर हातांत आहे."

तो उठून गेला. त्यानंतरच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

गल्लीत एक निवृत्त वकील राहायचे. त्यांनी तक्रारअर्ज तयार केला होता, सह्याही गोळा केल्या होत्या. ते मामींकडे कागद आणि साडी मागायला आले. कलेक्टरकडे नेऊ, पेपरात देऊ म्हणाले. मामींनी नकार दिला. वकिलांचा आवाज चढला. "पोरगा आहे म्हणून गप्प बसता. इतरांच्या पोरांनी काय करायचं?" ते तमिळमधून बोलले आणि सगळ्या गल्लीने ऐकलं. मामी दारात ताठ उभ्या होत्या. त्याही तमिळमध्येच म्हणाल्या, "पोंगलपर्यंत थांबा. मी पाठीमागून बोलत नाही. आधी त्याच्या तोंडावर बोलेन. तो नाही म्हणाला तर मी स्वतः तुमच्या अर्जावर पहिली सही करीन."

आणि त्यांनी गाडी पुसणं थांबवलं.

ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनाच हे काय होतं ते कळेल. पाऊस यायचा, आणि मामी आत खिडकीपाशी बसून राहायच्या. मांडीवर फडकं असायचं. हाताची बोटं चाळवायची, पण त्या उठत नसत. मी न राहवून एकदा बाहेर धावले तर आतून ओरडल्या, "हात लावूं नको! जें पडतें तें पडूं दे. त्याला दिसूं दे." त्या हंगामात बॉनेट, टप, मागचं झाकण, सगळीकडे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. येणारे जाणारे थबकून बघायचे. ज्या बाईने घागर लवंडली होती तीही एकदा आली, गाडीभोवती फिरली आणि गेली.

पोंगलच्या आधी, कामाच्या दिवशी सकाळी, मामी मला म्हणाल्या, "आज बँकेंत रजा टाक." त्यांनी नवी साडी नेसली होती. गाडीत बसलो. कुठे जायचं ते मी विचारलं नाही.

कारखान्याच्या फाटकासमोर, साहेब लोकांच्या गाड्या जिथून आत वळतात तिथे कडेला, त्यांनी गाडी उभी केली आणि खाली उतरून बॉनेटशेजारी उभ्या राहिल्या. पहारेकरी आला, गाडी हलवा म्हणाला. त्यांनी मुलाचं नाव सांगितलं आणि बोलावून आणायला सांगितलं. मागून एक मोठी गाडी येऊन थांबली. तीत कारखान्याचे वरिष्ठ साहेब होते. शिफ्ट बदलायची वेळ होती, कामगार जमायला लागले.

मुलगा आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्टाला घाम. त्या गर्दीत तमिळ होतं, तेलुगू होतं, साहेबाचं इंग्रजी होतं. पण आई आणि मुलगा जे बोलले ते त्यांच्या घरच्या मराठीत, आणि ते कळणारी तिथे एकटी मी होते.

"अम्मा, हें काय मांडलेंस? घरीं चल."

"घरीं तूं येत नाहींस म्हणून मी इकडे आलें."

"सगळे पाहताहेत."

"पाहूं दे. कळत कोणाला नाहीं."

"मी नवा रंग मारून देतों. आजच. सगळ्या गाडीला."

"रंग नको. नख फिरव."

तो हलला नाही. मामींचा आवाज खाली आला. एवढा की मला पुढे सरकावं लागलं.

"कण्णा, बाळा, मी भांडायला आलें नाहीं. नख फिरव आणि हें काय आहे तें मजला सांग. मीठ आहे असें म्हणालास तर मी गाडींत बसून निघून जातें. तूं सांगशील तें मी मानीन. पण इकडे सांग, तुझ्या फाटकापाशीं."

त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं. बॉनेटवर हात ठेवला. त्या हाताची नखंही आम्लाने पिवळी पडली होती, हे मला तेव्हा दिसलं, आणि मामींनाही तेव्हाच दिसलं असावं. कारण त्यांनी एकदम पदराचं टोक तोंडाशी नेलं. त्याने नख फिरवलं. ते अडकत अडकत गेलं, त्याचा आवाज येत होता.

मोठ्या गाडीतून साहेब उतरले होते. त्यांनी इंग्रजीतून विचारलं, ही बाई कोण, तिला काय हवंय?

मुलगा वळला. "सर, ही माझी आई," तो म्हणाला. मग, त्याच इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "आणि गाडीवर हे पडलंय ते आपल्या चिमणीतलं आहे. मी आपल्याला लिहून द्यायला तयार आहे."

कामगारांतून कुणीतरी ते तमिळमध्ये मागच्यांना सांगितलं. तिथून पुढे ते सांगणं लाटेसारखं मागे मागे गेलं. साहेब म्हणाले, आत या, आत बोलू. मुलगा आत गेला. मामी गाडीत बसल्या.

परत येताना रेल्वे फाटकापाशी गाडी बंद पडली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. "आतां त्याचें काय होईल मा?" त्या म्हणाल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, पुन्हा किल्ली फिरवली.

त्याचं जे व्हायचं ते झालं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. त्याला उत्पादनातून काढून गोदामावर बसवलं, तिथे त्याने बरीच वर्षं काढली. मामींनी त्याबद्दल त्याची क्षमा मागितली नाही आणि त्यानेही मागायला लावली नाही. पण रविवारी तो यायला लागला. पहिल्या रविवारी दोघंही एक अक्षर न बोलता जेवले. दुसऱ्या रविवारी तो जुना शर्ट घालून आला, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि बॉनेट घासायला लागला. मामी त्याच्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "गोल नको, सरळ." सून आणि नात पायरीवर बसून हसत होत्या. उथळ डाग निघाले. खोल होते ते निघाले नाहीत.

वकिलांच्या अर्जावर पहिली सही मामींची होती. दुसरी, कुणालाही न सांगता, मुलाने केली. कार्यालयांच्या फेऱ्या झाल्या, तपासणीला माणसं आली, पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. वकील कंटाळले, मामी कंटाळल्या नाहीत. दर पावसाचा कागद त्या नेऊन दाखवत राहिल्या. अखेर कारखान्याच्या आवारात धूर धुणारा मनोरा उभा राहायला लागला. माझी बदली झाली तेव्हा तो अर्धा झाला होता.

नव्वदच्या दशकात बँकेच्या एका प्रशिक्षणासाठी मी पुन्हा मद्रासला गेले, तेव्हा त्यांना भेटले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, गाडी चालवणं बंद. पाऊस आता पूर्वीसारखा चावत नाही, असं गल्लीतल्या बायकांनी मला आपण होऊन सांगितलं. मुलगा कुटुंबासह आईकडे राहायला आला होता. तो कामावर गेला होता आणि आम्ही दोघी ताकाचे पेले घेऊन बसलो होतो.

मनात इतकी वर्षं अडकलेलं मी विचारून टाकलं. "मामी, त्या दिवशी फाटकापाशी तो 'मीठ आहे' म्हणाला असता तर? तुम्ही खरंच परत फिरला असता?"

"फिरलें असतें. शब्द दिला होता."

"आणि मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात अगदी सोप्या प्रश्नावर अडलेल्या मुलीकडे बघत असतील.

"मग दुसरे दिवशीं पुनः गेलें असतें," त्या म्हणाल्या. "माझा लेक आहे तो. एका खोट्यावर त्याला सोडून देईन काय?"